जित्या माणसाची चिठ्ठी

आमच्या घरात बंदूक कधीच नव्हती. पण बंदूक कशी झोपवायची, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं.

नागपूरला धंतोलीत मालकांच्या बंगल्यामागे आमच्या दोन खोल्या होत्या. मालक म्हणजे वामनराव. पारशिवनीकडचे मोठे शेतकरी, शिकारीचे शौकीन. आमचे हे त्यांची जीप चालवायचे. ह्यांचं नाव मी कधी घेत नाही. दुसऱ्यांच्या तोंडून ते येईलच; मला स्वतःला मात्र पुढे एका ठिकाणी घ्यावंच लागलं.

तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. जंगलखात्याचा परवाना काढून लोक जात. निघायच्या आदल्या दिवशी मालक दोन्ही रायफली ओसरीवर आणून ठेवायचे आणि हे हातपाय धुऊन, देवाला उदबत्ती लावून कामाला बसायचे. आधी रायफल उघडून नळीतून आभाळ पाहायचे. आभाळ स्वच्छ दिसलं म्हणजे आत गोळी नाही. मग मागचा लोखंडी बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी सुटतच नाही, तो काढून खाकी पिशवीत ठेवायचे. गोळ्या पत्र्याच्या डब्यात, डब्याला कुलूप, आणि किल्ली ह्यांच्या कमरेच्या करदोड्याला. रायफली कातडी म्यानात घालून, वरून माझी जुनी गोधडी गुंडाळून जीपच्या मागच्या भागात आडव्या. बोल्ट पुढे पायाशी, गोळ्यांचा डबा सीटखाली. तिघांनी रस्त्यात एकमेकांना भेटायचं नाही.

मी एकदा विचारलं, “एवढं काहून करता? जंगलात जाऊन जोडाच लागते ना?”

हे म्हणाले, “भांडखोर सोयरे लग्नाले नेतो तेव्हा एका बैलगाडीत बसवतो का आपण? तसंच हाय हे. मांडवात भेटू दे.”

गोधडी गुंडाळून झाली की वरून हात फिरवून म्हणायचे, “झोपली.” लेकराला म्हणावं तसं. आम्हाला मूलबाळ नव्हतं, म्हणून तो हात मला फार दिसायचा.

मौद्याकडच्या खेड्यातून हे नागपूरला आले, ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, झाले, मग ड्रायव्हर. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी येत नव्हतं, पण परवान्याच्या पुस्तकातला नंबर आणि रायफलीवर कोरलेला नंबर हे बोटानं एकेक आकडा जुळवून पाहायचे. आठाला डमरू म्हणायचे, साताला कोयती, एकाला काडी. डमरू, कोयती, डमरू, काडी. जुळलं की पुस्तक मेणकापडात बांधून छातीशी. बावीस वर्षांत ह्यांनी स्वतः एक गोळी झाडली नाही. मालक आग्रह करायचे तर म्हणायचे, “मालक, माझं काम पोचवायचं.”

हे शिकारीला गेले की मी देवापाशी दिवा लावायची. ह्यांच्यासाठी हात जोडायची, आणि जंगलात जे जनावर त्या वेळी पाणी पीत असेल त्याच्यासाठीही. दोघांसाठी एकाच दिव्यात मागणं बरोबर होतं की नाही, देव जाणे. एकदा ह्यांना सांगितलं तर हसून म्हणाले, “म्हणूनच मालकाचा नेम चुकते वाटते!”

अशाच एका खेपेहून पहाटे परत येताना मालक जीपमध्ये अर्धवट झोपेत बोलले होते. ती गोष्ट ह्यांनी मला घरी येऊन सांगितली, आणि नंतरही कितीदा तरी सांगितली.

“चंपत, इतके वर्सं तू मले बसवून नेलं. शेवटच्या खेपेले खांद्यावर नेजो. गाडीत नको, तुई गाडी लई धक्के देते.”

“मालक, तुमी जड हा. आधी थोडे वाळा.”

दोघंही हसले म्हणे. पण मालकांनी ह्यांच्या हातावर हात ठेवला होता, आणि ह्यांनी गाडी चालवता चालवता “हाव” म्हटलं होतं. ह्यांचा “हाव” म्हणजे दगडावरची रेघ.

पुढे शिकार बंद झाली. मालकांना मूल नव्हतं, बायको आधीच गेलेली. ते पारशिवनीपासून तीन कोसावरच्या आपल्या गावी जाऊन राहिले, रायफली त्यांच्याबरोबर गेल्या. आम्ही बंगला सांभाळत नागपूरलाच राहिलो. हे आठवड्यातून एकदा जीप घेऊन मालकांकडे जायचे, औषधं द्यायचे, गप्पा मारून यायचे. रायफली कपाटात उभ्या. मालक म्हणायचे, “माह्या बापाच्या हातच्या हायेत. विकू कशा?”

चौऱ्याहत्तर साल होतं, मार्गशीर्ष चालू होता. परवान्याची मुदत वर्षअखेरीस संपणार होती. ती वाढवून घ्यायला रायफली नागपूरला कचेरीत दाखवायच्या होत्या, आणि मालक तर अंथरुणाला लागलेले. कायदा असा, की परवानेवाला गाडीत असेल तर प्रश्न नाही. तो नसेल, तर त्याच्या हातची लेखी परवानगी पाहिजे, आणि काम त्याचंच पाहिजे, दुरुस्तीचं नाहीतर मुदत वाढवण्याचं.

त्या खेपेला मीही बरोबर गेले. माझ्या मनात रामटेक होतं. गडावर रामाचं दर्शन घेऊन, खाली अंबाळा तलावात पाय बुडवून कितीतरी वर्षं झाली होती.

मालकांनी उशीला टेकून चिठ्ठी लिहिली. तरी अक्षर मोत्यासारखं. माझ्या दोन रायफली माझा चालक चंपतराव याने माझ्या गावाहून नागपूरला परवान्याच्या कामी न्याव्या, असं लिहून खाली सही, तारीख. मग ह्यांच्याकडे पाहून म्हणाले, “पाह्य गा चंपत, वाळलो आता.”

हे पुस्तक घेऊन नंबर जुळवत बसले. डमरू, कोयती. एकदा जुळले तरी पुन्हा पहिल्यापासून जुळवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो तर बाहेर जग नव्हतंच. पेंच नदीवरून धुकं उठून शेतांवर, रस्त्यावर, झाडांवर पसरलेलं. जीपचे दिवे चार हात पुढे जाऊन विझायचे. तूर दिसत नव्हती, पण तिचा ओला वास येत होता. कुठेतरी बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजायची आणि बैल मात्र दिसायचेच नाहीत. मला वाटलं आपण गाडीत नाही, डोंग्यात बसलोय आणि दुधावरून चाललोय. मागे रायफली गोधडीत. हे अगदी हळू चालवत होते, जणू त्या जाग्या होतील.

मी म्हटलं, “इथवर आलोच आहे तर रामटेक करून जाऊ.”

“नाही वं.”

“देवाच्या वाटेलाही नाही?”

“चिठ्ठीत काय लिवलं हाय? गावाहून नागपूर. मधात रामटेक कुठी हाय? रायफली ठिवून आलो का नेतो तुले. पुढच्या सोमवारी.”

मला राग आला, पण मनाशी एक गोष्टही आली. गडावरच्या रामाच्या खांद्यावरही धनुष्य आहेच. लहानपणी माझी आई सांगायची, की काम नसलं की धनुष्याची दोरी उतरवून ठेवतात, चढवलेली राहिली तर धनुष्यही थकतं आणि माणूसही. हे बोल्ट काढतात ते तसंच काहीतरी असेल. मी जिथे गड असावा असं वाटलं तिकडे धुक्यालाच हात जोडले.

आमडी फाट्यावर जयवंताबाईची चहाची टपरी होती. ह्यांची जुनी ओळख. हे रायफली असल्या की गाडीतून उतरत नसत, चहा गाडीतच यायचा.

जयवंताबाई दोन कप घेऊन आली. “काय वं, आज जोडीनं? तुया म्हाताऱ्याले वाघ भेवत नव्हता, म्हणून आता बायकोले घेऊन फिरते होय?”

“वाघाची शिकार बंद झाली ना माय,” हे म्हणाले, “म्हणून हिले आणली.”

मी तोंडावर पदर धरून हसले. कप ओठाला लावला आणि मागून मोटारसायकलचा आवाज आला. आधी आवाज, मग पिवळा डाग, मग माणूस. मालकांचा पुतण्या विश्वनाथ. गळ्याला मफलर, डोळे लाल.

“चंपतराव! बरं झालं भेटले. काकाजी गेले.”

ह्यांच्या हातातला कप तसाच राहिला. “कधी?”

“तुमी निंगाले न् अर्ध्या घंट्यानं. चहा मागतला, दोन घोट घेतले, न् गेले. बारा वाजता उचलू. मी रामटेकले सोयऱ्यायले सांगाले जाऊन राहिलो. तुमी गाडी फिरवा न् गावात जा. खांदा तुमचा हाय, काकाजी साऱ्यायले सांगत होते.”

ह्यांनी जीपची किल्ली फिरवली. मला वाटलं गाडी सुरू केली. पण ह्यांनी किल्ली काढली आणि खिशात ठेवली.

“विश्वनाथभाऊ, आता रायफली कोणाच्या?”

“काय?”

“मालक हायेत तोवर चिठ्ठी चालत होती. जित्या माणसाची चिठ्ठी होती ते. आता मी ह्या रायफली घेऊन चाक फिरवलं, तर कोणाच्या हुकमानं फिरवलं?”

विश्वनाथ ओरडलाच. “अहो, धुक्यात कुत्रं दिसून नाही राहिलं, पोलीस कुठून पाहील? घरी नेऊन कपाटात ठेवा, न् मंग पाहू!”

“तुमचाई परवाना नाही, माह्याई नाही. घरी कोणाच्या हाती देऊ?”

“मंग बसा इथं! ज्यानं बावीस वर्सं खाऊ घातलं, त्याले खांदा द्यायचा सोडून कागद धरून बसा!” त्यानं किक मारली आणि तो रामटेकच्या वाटेनं धुक्यात गेला.

जयवंताबाई कप उचलून गपचूप टपरीत गेली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही रडले नाहीत, पण गोधडीकडे वळून वळून पाहत होते.

मी म्हटलं, “चला ना. देव समजून घेईल.”

“देव घेईल वं. पण मालक? त्यायच्या नावाच्या रायफली, त्यायची आंघोळ झाली नाही तवरच बेवारशी फिरल्या, तर त्यायच्या नावाले बट्टा. बावीस वर्सं एक दिवस पुस्तकाबाहेर गेलो नाही.” मग म्हणाले, “तू जाय. पारशिवनीची एसटी येईल. ठाण्यात सांग, आम्ही इथं थांबून हाओ, हलत नाही, कोणी येऊन घेऊन जा. चिठ्ठी ने.”

मी कधी ठाण्याची पायरी चढले नव्हते. पण बारा वाजायला किती वेळ उरला होता, ते दोघांनाही कळत होतं.

एसटी धुक्यातून हत्तीसारखी आली. मी घाईनं पायाशी असलेली पिशवी उचलली आणि पायरीवर पाय ठेवला, तर पिशवीनं खांदा खाली ओढला. दोन भाकरी आणि चटणी एवढी जड कशी? ह्यांच्या जुन्या खाकी पँटच्या मीच दोन सारख्या पिशव्या शिवल्या होत्या. एकीत भाकरी, एकीत बोल्ट.

हे धावत आले. “अवं, तेच तर घेऊन चालली!”

कंडक्टर म्हणाला, “काय गा, बायकोचा डबा काहून हिसकून राहिला?”

कोणी हसलं. ह्यांनी पिशवी बदलली. मी सगळ्या वाटेनं रामाचं नाव घेत गेले.

ठाण्यात हवालदार मनोहरराव शेगडीशी हात शेकत होते. मी सगळं सांगितलं, एका दमात, उलटसुलट. त्यांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि वही उघडली.

“हत्यारं कोणाच्या ताब्यात आहेत?”

“आमच्या घरच्यांच्या.”

“नाव?”

“त्यात लिहिलंय.”

“चिठ्ठी लिहिणारानं लिहिलं. खबर देणारानं तोंडानं सांगावं लागते, बाई. नाव बोला.”

मी पदर घट्ट धरला. तेरा वर्षांत नाव ओठावर घेतलं होतं ते एकदाच, लग्नानंतर उंबऱ्यात नणंद आडवी उभी राहिली होती तेव्हा. दुसरी रीत मला माहीतच नव्हती. घड्याळात पावणेनऊ झाले होते. मी डोळे मिटले आणि जसं आलं तसं म्हटलं,

“अंबाळ्याच्या पाण्यात गडाची सावली, चंपतरावांचं नाव घेते, वाट सोडा माउली.”

 मग कोपऱ्यातला शिपाई फसकन हसला. मनोहररावांनी त्याच्याकडे एक नजर टाकली, वहीत नाव लिहिलं आणि टोपी घातली. “सोडली वाट,” म्हणाले. “चला.”

पण सरकारी काम. मोठे साहेब दौऱ्यावरून यायचे होते, त्यांना विचारल्याशिवाय निघता येईना. मग परतीची एसटी उशिरा. फाट्यावर पोचलो तर साडेदहा होऊन गेले होते. धुकं थोडं वर उचललं होतं. जीप सोडली तिथेच होती, टायर त्याच खुणेवर. हे जीपच्या बाहेर, मागच्या बाजूला, हात मागे बांधून उभे. गाडीला हातसुद्धा लावलेला नव्हता. जयवंताबाई सांगू लागली, “चहा दिला तर घेतला नाही. मुतायलेई गेला नाही, बाप्पा!”

मनोहररावांनी ह्यांना खालवर पाहिलं. “अहो चंपतराव, गाडी घेऊन सरळ ठाण्यात आले असते, तर मी फाशी दिली असती का?”

“तुमी नसती दिली, साहेब. पण ठाण्यात तुमी भेटान का दुसरं कोणी, हे मले कसं माहीत?”

हवालदारांनी पंच म्हणून जयवंताबाईचा अंगठा घेतला, दुसरा एका ट्रकवाल्याचा. हे नंबर वाचून दाखवत होते. डमरू, कोयती.  मग मनोहरराव पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, “आता माझ्या हुकमानं चाला.” ठाण्यात रायफली, बोल्ट, गोळ्या असं वेगवेगळं लिहून जमा झालं आणि पावती मिळाली. ह्यांनी गोधडी मागून घेतली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. ती अजून उबदार आहे असं मला वाटलं. उन्हानं असेल.

गाव आलं तेव्हा एक वाजला होता. वेशीबाहेर नदीकाठी धूर होता, आणि धुकं कुठे संपतं न् धूर कुठे सुरू होतो हे कळत नव्हतं. लोक परतत होते. आमच्याशी कोणी बोललं नाही. हे चितेपासून लांब, एका बाभळीखाली जाऊन उभे राहिले. मी जवळ गेले नाही.

त्या रात्री हे जेवले नाहीत. मी म्हटलं, “मी रामाला विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं.” खरं तर मला तसं वाटत होतं की नाही, आजही सांगता येत नाही. माणूस गेलेला परत येत नाही, आणि कागद दुसऱ्या दिवशीही मिळतो. हे माझ्या मनात होतं. ह्यांच्याही असावं.

तिसऱ्या दिवशी अस्थी वेचल्या. त्या रामटेकला अंबाळ्यात सोडायच्या होत्या. विश्वनाथ आमच्याजवळ आला. ठाण्यातून त्याला बोलावणं आलं होतं, पावती त्यानं पाहिली होती. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाडगं त्यानं ह्यांच्यासमोर धरलं. “काकाजीले तुमच्याच गाडीत नेऊ,” म्हणाला. एवढंच.

आम्ही तिघं निघालो. गाडगं ह्यांच्याऐवजी माझ्या मांडीवर, कारण हे चालवत होते. त्या दिवशीही धुकं होतं, पण विरळ, आणि त्यातून उन्हाचे धागे लोंबत होते. आमडी फाटा आला. हे थांबले. जीप बरोबर त्याच जागी उभी केली, किल्ली काढली आणि विश्वनाथच्या हातात दिली.

“तुमी चालवा, भाऊ.”

“न् तुमी?”

हे उतरले, माझ्याकडून गाडगं घेतलं, गोधडीची घडी उजव्या खांद्यावर ठेवली आणि तिच्यावर गाडगं. हातानं धरून चालू लागले.

“अहो, पाच कोस हाय!” विश्वनाथ म्हणाला. ह्यांनी मागे पाहिलं नाही. मी उतरून मागे चालू लागले. विश्वनाथ काय करतो बिचारा, रिकामी जीप आमच्यामागे बैलाच्या चालीनं चालवत राहिला. जयवंताबाईनं टपरीतून हात जोडले. वाटेत एक-दोन ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले, मग काय आहे ते पाहून गप्प झाले. मी कधी पावलं मोजली, कधी नाम घेतलं. मनसर ओलांडल्यावर धुकं फाटलं आणि गड दिसला, पांढरा, आभाळात टांगल्यासारखा. दोन दिवसांपूर्वी मी ज्या बाजूला हात जोडले होते, त्या बाजूला तो नव्हताच. भलतीकडे होता. मी पुन्हा जोडले.

अंबाळ्याच्या अलीकडे विश्वनाथ जीप जवळ आणून म्हणाला, “चंपतराव, खांदा दुखत असन. थोडं गाडीत ठेवा.”

हे चालतच म्हणाले, “दुखते ना. जडच हायेत ते. मी त्यायले आधीच सांगतलं होतं.”

घाटावर उतरून ह्यांनी गाडगं पाण्यात सोडलं. गडाची सावली पाण्यात होती, ती थोडी हलली आणि पुन्हा जुळली. ह्यांनी गोधडी खांद्यावरून काढली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि रायफली बांधून झाल्यावर म्हणायचे तोच एक शब्द हळूच म्हटला. तो मला ऐकू आला, विश्वनाथला नाही.

पुढे रायफली रीतसर विकल्या गेल्या, जीपही. ह्यांनी हिंगण्याला कंपनीची बस वीस वर्षं चालवली. ती गोधडी आता विरली आहे, तरी थंडीत मी तीच घेते.